भाऊजींचं मनगट

पुस्तक काढायला स्टुलावर चढलो, पडलो आणि डावं मनगट मोडून घेतलं. इस्पितळात मला प्लास्टरच्या खोलीत पाठवलं. तिथे कोमट पाण्याची बादली होती, कापसाचे आणि प्लास्टरचे रोल होते आणि पन्नाशी ओलांडलेले, पोट सुटलेले एक गृहस्थ होते. त्यांनी माझा हात अलगद उचलला. हाताकडे पाहिलंच नाही. घड्याळाचा पट्टा सोडला, काच उजेडाकडे धरली, मग घड्याळ कानाला लावलं.

"वाचलं," ते म्हणाले.

"आणि हात?"

"तो काय, जुळतो."

अशी आमची ओळख झाली. मी साहित्याचा पदवीधर, नोकरीच्या शोधात, म्हणजे दिवसभर मोकळा. त्यांना असाच माणूस हवा होता. प्लास्टर वाळायच्या आत मी त्यांना काका म्हणू लागलो होतो.

काका तीस वर्षं लोकांची हाडं बांधताहेत. बांधण्याआधी हातातलं सगळं उतरवावं लागतं, त्यामुळे शहरातली निम्मी घड्याळं त्यांच्या हातून गेली आहेत. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. एकदा रस्त्यात कुणीतरी त्यांना हाक मारली. काका कोरे. त्या माणसाने बाही वर केली मात्र, काका खुलले.

"अहो, तुम्ही! काळी डायल, तपकिरी पट्टा! जिन्यावरून गडगडला होतात!"

काकांच्या घरी घड्याळांचा एक डबा आहे. लाकडी, आतून मखमल, बारा खण. तो काकूंनी आणला. त्याआधी एक घड्याळ त्यांना साखरेच्या बरणीत सापडलं होतं आणि एक फ्रिजमध्ये, अंड्यांच्या जागी.

"हा डबा भरला की खेळ खलास," काकू तेव्हा म्हणाल्या होत्या. "तेरावं घड्याळ घरात आलं तर तुम्ही आणि ते, दोघंही बाहेर."

काकांनी आनंदाने मान डोलावली. बारा म्हणजे त्यांना तेव्हा अमाप वाटले होते.

मी भेटलो तेव्हा अकरा खण भरले होते. बारावा दोन वर्षं रिकामा होता. बारावं घड्याळ म्हणजे आयुष्यातलं शेवटचं. चुकलं तर सुधारायला जागा नाही. काका त्या रिकाम्या खणाकडे अशा चेहऱ्याने बघत बसायचे की मी आवाज न करता चहा प्यायला शिकलो.

"पुढचं घड्याळ ठरवायची पद्धत असते," त्यांनी मला समजावलं. "आवडलं आणि घेतलं, असं गिऱ्हाइकं करतात. आपण जमवणारे."

पद्धत अशी. प्रत्येक घड्याळाला आधी काहीतरी काम हवं. त्यांच्याकडे लग्नाला जायचं घड्याळ होतं, दुखवट्याला जायचं होतं, मोठे डॉक्टर रजेवर असतानाचं होतं. एक पाण्याखाली दोनशे मीटर चालणारं होतं.

"काका, तुम्हाला पोहता येतं?"

"त्याला येतं ना."

काम सापडलं नाही तर ते निर्माण करायचं. दाढ काढायला जायचं घड्याळही डब्यात होतं. ते घेतल्यावर चार महिन्यांत काकांनी एक चांगली धडधाकट दाढ काढून घेतली, असं काकू सांगतात. काका म्हणतात, ती हलत होती.

काम ठरलं की उमेदवाराच्या बाजूने आणि विरुद्ध कुणीतरी बोलायचं. ती जबाबदारी माझ्यावर आली. "तू साहित्य शिकलास," काका म्हणाले. "तासभर बोलून काहीच न ठरवायची तुला सवय असेल." होती.

आणि शेवटची, सगळ्यात कडक परीक्षा भाऊजी घेत.

भाऊजी म्हणजे प्लास्टरचा हात. अर्ध्या तळव्यापासून कोपराच्या खालपर्यंत. पांढराशुभ्र. टीव्हीशेजारी उभा असायचा. आठ वर्षांपूर्वी काकांनी हौसेने पहिलं घड्याळ घेतलं होतं. दुकानात आवडलं, घरी आल्यावर नावडलं. ते विकून टाकलं आणि काका विचाराला बसले. आपलं घड्याळ आपल्याला नीट दिसतच नाही, आपण ते वरून बघतो. जग समोरून बघतं. हात अंगापासून सुटा असता तर दहा पावलांवरून पाहता आला असता. मग एका दुपारी त्यांनी इस्पितळातच स्वतःच्या डाव्या हाताचा साचा काढला, त्यात प्लास्टर ओतलं, पॉलिश पेपरने घासलं आणि स्वतःचा जुळा भाऊ घरी आणला.

काकू त्याला लगेच भाऊजी म्हणायला लागल्या. "बोटं नाहीत, पण स्वभाव गरीब," त्या मला म्हणाल्या. "स्वतःहून काही मागत नाहीत. या घरातले तेवढे एकच पुरुष."

काका भाऊजींना पिशवीत घालून दुकानांत न्यायचे. काउंटरवर उभं करायचे, घड्याळ बांधायचे आणि दहा पावलं मागे जायचे. लहान दुकानात दहा पावलं मागे गेलं की माणूस रस्त्यात येतो. दोनदा सायकलवाल्यांनी शिव्या घातल्या. पण निकाल पक्का असे. भाऊजींना शोभलं तर घ्यायचं. अकराच्या अकरा घड्याळं त्यांनीच पास केली होती.

एकच कुरबूर होती. भाऊजींच्या हातावर दिमाखात बसलेलं घड्याळ काकांच्या हातावर लोंबायचं. फिरून मनगटाच्या आतल्या बाजूला जायचं. वेळ बघायला काका तळवा असा वर करत की समोरच्याला वाटे, काहीतरी मागताहेत. पट्ट्याचं भाऊजींना चौथं भोक लागे, काकांना सहावं.

"मी खंगत चाललोय," काका म्हणत. "भाऊजी आठ वर्षांपूर्वीचे. तेव्हा मी कसा भरलेला होतो, ते बघ त्यांच्याकडे."

रक्त तपासून झालं. काही निघालं नाही. काकूंनी जास्तीचं दूध सुरू केलं, सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी दुसरं ताट. काकांचं वजन चौदा किलो वाढलं. मनगट होतं तेवढंच राहिलं.

"अंगाला लागतंय रे," काकू मला काळजीने म्हणाल्या. "मनगटाला लागत नाही."

यावर काय बोलतात ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

बाराव्या खणासाठी दोन वर्षं झुलवलेले दोन उमेदवार म्हाताऱ्या घड्याळजीच्या दुकानात होते. एक निळ्या डायलचं, मोठं, जाड, स्टीलचं. दुसरं जुनं, साईच्या रंगाची डायल, चावी द्यायचं, नाण्याएवढं. काका दुसऱ्याला 'बाळाचं' म्हणत. ते फक्त निळ्याची शान वाढावी म्हणून यादीत ठेवलं होतं. तरी निळ्यावर शिक्का बसत नव्हता. शेवटचं ना.

मग एका बुधवारी घड्याळजीने निरोप पाठवला. दुकान बंद करतोय. शनिवारी दुपारी एकला शटर खाली. उरलेला माल त्यानंतर दुसऱ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडे जाणार.

शनिवारी बारालाच आम्ही पोचलो. मी, काका आणि पिशवीत भाऊजी. दुकान निम्मं रिकामं झालं होतं. भिंतीवर घड्याळं होती तिथे गोल पांढरे डाग होते. घड्याळजीने डोळ्याचं भिंग वर सरकवलं.

"आलात? दोन वर्षांत माणसं लग्न करून, भांडून, परत एक होतात हो."

"शेवटचं आहे," काका म्हणाले.

"माझंही शेवटचंच गिऱ्हाईक आहात. मला जेवायला जायचंय."

काकांनी भाऊजींना उभं केलं आणि निळं बांधलं. चौथं भोक. दहा पावलं मागे जाऊन पाहिलं. मीही पाहिलं. खरोखर छान दिसत होतं. भाऊजी एखाद्या विमानाच्या कप्तानासारखे वाटत होते.

"निळंच," काका आत येऊन म्हणाले. "ठरलं. निळं."

घड्याळजी खोकं शोधू लागला. शोधता शोधता सहज म्हणाला, "इतकी वर्षं बघतोय. जाता जाता एकदा सांगा तरी, हा हात बनवलात कसा?"

काकांना असं कुणी विचारलं की त्यांची छाती फुगते. "सोपं आहे. पण हात बसलेला पाहिजे. आधी हात धुतला, कोरडा केला. मग नेहमीसारखा कापूस गुंडाळला, दोन पदर. त्यावर ओल्या प्लास्टरचा..."

ते थांबले.

"प्लास्टरचा रोल," मी आठवण करून दिली.

काका माझ्याकडे बघत नव्हते. ते भाऊजींकडे बघत होते.

"कापूस," ते म्हणाले.

"काय झालं?"

"पेशंटला कापूस लागतो. कातडी सोलू नये म्हणून. साच्याला लागत नाही. साच्याला तेलाचा हात पुरतो." त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. "तीस वर्षांची सवय. हात आपोआप कापसाकडे गेला. मी स्वतःला पेशंटसारखं बांधलं रे. कापसाची सगळी जाडी भाऊजींच्या अंगावर चढली."

घड्याळजीने मापाची पट्टी काढली. काकांचं मनगट, सोळा सेंटिमीटर. भाऊजींचं, साडेअठरा. घड्याळजी असा हसला की भिंग डोळ्यावरून घसरून काउंटरखाली गेलं.

"म्हणजे तुम्ही खंगला नाहीत," मी म्हणालो.

"कधीच नाही."

"आणि अकरा घड्याळं?"

काकांनी घाईघाईने काकूंना फोन लावला. गडबडीत स्पीकर सुरू झाला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कपडे शिवले भाऊजींच्या मापाचे," त्या म्हणाल्या, "आणि आठ वर्षं घालून फिरताय तुम्ही."

"हो."

"आणि ते दुसरं ताट?"

"ते... ते चांगलं होतं."

"आजपासून बंद." फोन कट.

पाऊण वाजला होता. काकांनी निळं स्वतःच्या हातावर बांधलं. मनगटाच्या दोन्ही बाजूंनी ते बाहेर आलं, लहान मुलाने मोठ्या माणसाची टोपी घालावी तसं. त्यांनी ते काढून ठेवलं. मग, आम्ही दोघं बघत नाही असं समजून, बाळाचं उचललं.

ते बसलं. फिरलं नाही, लोंबलं नाही. पट्ट्याचं बरोबर मधलं भोक लागलं. काकांनी हात खाली सोडला, वर केला, हलवून पाहिला. घड्याळ जागचं हललं नाही. त्यांनी तळवा वर न करता वेळ पाहिली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"याला काम काय पण?" ते पुटपुटले.

"वेळ दाखवेल," घड्याळजी म्हणाला. "बघा जमतंय का."

काकांनी मला बाजू मांडायला सांगितली नाही. दहा पावलंही मागे गेले नाहीत. एकला पाच कमी असताना ते म्हणाले, "बांधू नका. घालूनच जातो." दोन वर्षांचा निर्णय दहा मिनिटांत झाला. भाऊजींना पिशवीत मी भरलं. काकांना ते सुचलं नाही.

घरी एकच ताट वाढलेलं होतं. काका निमूट जेवले. नवं घड्याळ काकूंनी पाहिलं, मान तिरकी करून म्हणाल्या, "हे शोभतंय." काका लाजले. मला वाटलं, गोष्ट संपली. डबा भरला, खेळ खलास.

हात धुऊन काका परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत चमक होती.

"हे बघ," ते काकूंना म्हणाले, "ही अकरा कुणाच्या मापाची? भाऊजींच्या. पसंत कुणी केली? भाऊजींनी. म्हणजे ती त्यांची. माझं असं हे एकच. म्हणजे माझ्या डब्यात अजून अकरा खण रिकामे आहेत."

मी श्वास रोखला. काकूंच्या हातात पातेलं होतं.

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.

"पण डबा दुसरा येणार नाही. भाऊजींचं एक गेलं की तुमचं एक येईल. ज्याच्या हाताला नीट बसेल त्याला द्यायचं. आधी देणं, मग घेणं. कबूल?"

"कबूल! कबूल!" काका टेबलाकडे धावले. अकरा घड्याळं ओळीत मांडली. पहिलं उचललं, ठेवलं. पाण्याखालचं उचललं, काच पुसली, ठेवलं. दाढेचं उचलून जिभेने दाढेची रिकामी जागा चाचपली आणि तेही ठेवलं. अर्ध्या तासाने त्यांनी घामाघूम चेहऱ्याने वर पाहिलं.

"आधी कुठलं द्यायचं, याची पद्धत बसवावी लागेल," ते म्हणाले.

मी कपबशा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "काकू," मी हळूच म्हणालो, "तुम्ही आणखी अकरा घड्याळांना हो म्हणालात."

"एक घ्यायचं ठरवायला किती वेळ लागला त्यांना?"

"दोन वर्षं."

"द्यायचं ठरवायला तीन धर. झाली पाच. अकरा पंचे?"

मी साहित्याचा. मला वेळ लागला.

"पंचावन्न," काकू पातेलं घासत म्हणाल्या. "आज ते बावन्नचे. एकशेसात वर्षांच्या माणसाला मी घड्याळावरून बोलणार नाही."