काकूंनी ग्रुपवर लोकेशन टाकलं

मित्रांनो, आमचा भाजीचा ग्रुप तुम्हाला माहीतच आहे. कॉलेज अर्धवट सोडल्यावर मीच काढला. सकाळी वावरातल्या मेथीचा फोटो टाकला की रिसोडातून धडाधड ऑर्डरी येतात.

आज एका काकूंनी दोन जुड्या मागवल्या आणि घराचं लोकेशन थेट ग्रुपवरच टाकलं. मी जाऊन बेल वाजवली, तर दारात ती!

कॉलेजात तिच्यावरून मी एकाची कॉलर धरली होती. त्याच दिवशी तिनं मला ब्लॉक केलं. दोन वर्षं झाली, तिचं घर कुठं आहे हेही मला माहीत नव्हतं.

"तुले पत्ता कोणं देला?"

"तुह्या आईनं. ग्रुपवर टाकला."

तिनं माझा मोबाइल घेऊन पाहिला. "दोनशे लोकायले आमचं घर दाखोलं? काढ ते आत्ताच."

माझं डोकं सटकलं. "मी टाकलं का? मायले सांग ना आपल्या!"

ती हळूच म्हणाली, "ॲडमिन तूच हाय ना?"

काढलं. सगळ्यांच्या मोबाइलमधून गेलं, माझ्याही.

जुड्या घेऊन दार लावताना म्हणाली, "अजूनबी तसाच भडकतं तू."

'अजूनबी' म्हणाली. सकाळपासून तेवढंच कानात आहे.

घरच्यांना सांगा, लोकेशन पर्सनलवर पाठवत जा. आणि मला एक सांगा, काकूंनी पुन्हा मेथी मागवली तर कोणी जायचं? बाबांना पाठवलं असतं, पण त्यांना लोकेशन लागेल, आणि ते तर मी काढून टाकलंय.