तिसरा आकडा

बालकृष्णरावांना उभ्या जन्मात कुणी घाईत पाहिलं नाही. साडेनवाला घरातून निघायचं, गल्लीच्या तोंडाशी कॉफी घ्यायची आणि दहाला पाच कमी असताना खुर्चीत बसायचं. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ आणि फायलीत इंग्रजी. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांकडे कारकून होते. "एवढ्या पिढ्या झाल्या, बढती काही मिळाली नाही बघा," असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. कुंभकोणमचे लोक त्यांना ‘रायर’ म्हणत. आपल्याकडे राव म्हणतात, तसंच.

पंच्याण्णव साली त्यांची बदली समन्वयाच्या खोलीत झाली. ही खोली नवीनच निघाली होती. निराधार विधवांना मद्रासचं सरकार दरमहा मदत देत होतं, त्या वर्षी दिल्लीचंही देऊ लागलं. एकीला दोनदा मिळू नये आणि दुसरी उपाशी राहू नये, म्हणून एका परदेशी संस्थेनं दोघांची मिळून एकच यादी करून द्यायचं अंगावर घेतलं. खोलीतलं टेबल मद्रासनं दिलं, पाटी दिल्लीनं आणि संगणक परदेशी संस्थेनं. पंखा कुणीच दिला नाही, कारण तिघांनाही वाटलं की बाकीचे देतील. बालकृष्णरावांनी घरून ताडाचा पंखा आणला आणि समन्वयाला सुरुवात झाली.

अर्जात चौदावा प्रश्न मुलाचा; मद्रासचं सरकार तो आधीपासूनच विचारत होतं. मुलगा झालाच नसेल तर शून्य, हयात असेल तर एक, वारला असेल तर दोन. शून्य आणि दोन मंजूर. एक आला की अर्ज बाद, कारण आईला सांभाळायला मुलगा आहे. हिशेब सरळ होता. नागलक्ष्मी येईपर्यंत कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

नागलक्ष्मी चोळपुरमहून सकाळच्या बसनं आली. साठीची बाई. जन्मभर विड्याची पानं निवडून त्यांच्या जुड्या बांधल्या, आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर व्यापाऱ्यानं नको म्हटलं. नवरा केव्हाच गेलेला. शेजारीण दुपारी कांजी द्यायची, तेवढंच पोटात.

"मुलगा?" बालकृष्णरावांनी विचारलं.

"आहे की. सुब्रह्मण्य."

"कुठे असतो?"

"ठाऊक नाही."

चौऱ्याऐंशी साली, एकोणिसाव्या वर्षी, तो लॉरीवर क्लीनर म्हणून गेला. सेलमहून एक पत्र आलं. त्यानंतर काही नाही.

"अम्मा, अकरा वर्षं झाली," बालकृष्णराव हळूच म्हणाले. "वारला असं लिहू या का? गावचा अधिकारी दाखला देईल, मी बोलतो त्याच्याशी."

"तुम्ही पाहिलात का त्याला वारलेला, रायरे?"

"नाही."

"मीही नाही पाहिला."

"मग आहे असं लिहितो. पण मदत मिळणार नाही."

"आहे म्हणता, तर कुठे आहे ते सांगा. आत्ता जाते, आणते त्याला."

झालं! आता काय लिहायचं? बालकृष्णरावांनी रकाना कोराच ठेवला. पंधरा दिवसांनी मद्रासहून कृष्णमूर्ति नावाचा माणूस संगणकात माहिती भरायला आला, तर यंत्रानं अर्ज परत फेकला.

"कोरं घेत नाही, सार. एक सांगा नाहीतर दोन सांगा."

"आणि खरं सांगायचं असलं तर?"

"त्याचा आकडा दिलेला नाही, सार."

त्या दिवशी जेवताना त्यांनी हे बायकोला सांगितलं. धनलक्ष्मीनं सांबार वाढता वाढता निकाल देऊन टाकला. "घाला की दोन! बाईच्या पोटात चार घास जातील. कागदावरच तर मारायचं."

"मी कारकून आहे, धना. मी मारला तर कागदावरच मारणार ना. दुसरीकडे कुठे मारायला मला येतं?"

नागलक्ष्मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चौकशीला येते हे धनलक्ष्मीला कळल्यापासून त्या दिवशी डब्यात दहीभात दुप्पट येऊ लागला.

बालकृष्णरावांनी पत्रं लिहायला घेतली. चौदाव्या प्रश्नाला शून्यानंतरचा तिसरा आकडा द्यावा: तीन म्हणजे ठाऊक नाही, आणि तीनवाल्या बाईला मदत द्यावी. मद्रासनं कळवलं की अर्जाचा नमुना दिल्लीचा आहे. दिल्लीनं कळवलं की आकडे परदेशी संस्थेनं ठरवले. परदेशी संस्थेनं फार गोड शब्दांत कळवलं की यादी तुमच्या सरकारांची, आम्ही केवळ साहाय्यक. तिघांचंही शेवटचं वाक्य एकच: इतर दोघांची हरकत नसल्यास आमचीही नाही. या पत्रापत्रीत दीड वर्ष गेलं. नागलक्ष्मी दर महिन्याला येत होती आणि दर महिन्याला जरा जास्तच वाळलेली दिसत होती. बालकृष्णरावांना तिच्याकडे बघवेना. बस यायच्या वेळी ते उगाच कपाट आवरत बसायचे.

शेवटी एका शुक्रवारी त्यांनी आयुष्यातला एकुलता एक चावटपणा केला. तिघांनाही एकाच मजकुराचं पत्र पाठवलं: "सदर बदलास इतर दोन्ही पक्षांची हरकत आजतागायत या कार्यालयाकडे आलेली नाही." एक अक्षर खोटं नव्हतं. हरकत आली नव्हतीच, संमतीही आली नव्हती, पण ते कुणी विचारलं नव्हतं. महिन्याभरात तिघांचीही उत्तरं आली. इतर दोघांची संमती लक्षात घेता आमचीही संमती आहे. बालकृष्णरावांनी ती तीन पत्रं एकाला एक टाचून फायलीत लावली, आणि त्या दिवशी दोन कॉफ्या प्यायले.

सत्याण्णवच्या मार्चात कृष्णमूर्तीनं यंत्रात तीन घातला. पुढच्या सोमवारी बालकृष्णरावांनी नागलक्ष्मीला अर्ज वाचून दाखवला. मुलगा सुब्रह्मण्य, ठाऊक नाही.

"हे खरं आहे," ती म्हणाली, आणि अंगठा उठवला. पुढल्या महिन्यापासून टपालवाला पैसे घेऊन तिच्या दारी जाऊ लागला. बालकृष्णरावांना वाटलं, सुटलो बुवा!

नव्या आकड्याचं परिपत्रक गावोगाव वाचून दाखवलं गेलं. त्यानंतरच्या सोमवारी दहाला पाच कमी असताना ते आले, तर खोलीबाहेर म्हाताऱ्यांची ही रांग! जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत. आडुतुरैच्या होत्या, पापनाशमच्या होत्या. नवे अर्ज असतील म्हणून त्यांनी कोऱ्या अर्जांचा गठ्ठा काढला, पण कुणी एकीनं घेतला नाही. या सगळ्यांना मदत मिळतच होती. कित्येकींना दहा-दहा वर्षं. यादीत बघितलं तर चौदाव्या प्रश्नाला सगळ्यांचे दोन.

"दोनाचे तीन करा," एवढंच प्रत्येकीचं म्हणणं होतं. बालकृष्णरावांनी वरिष्ठांना फोन लावला.

"म्हणजे या सगळ्या बायकांनी खोटं लिहून दिलं होतं?" वरिष्ठ ओरडले.

"नाही, सार. आपण त्यांना खरं लिहायला जागाच ठेवली नव्हती."

वरिष्ठ आवाज खाली आणून म्हणाले, "करा दुरुस्त. आणि मला विचारलं होतंत हे कुठे लिहू नका."

रांगेत पहिली होती पापनाशमची अलमेलु. जवळ जवळ सत्तरीची, कंबरेत वाकलेली. मदत वाढवून नको होती तिला, दुसरं काहीच नको होतं. टेबलाची कड धरून ती म्हणाली, "भूक होती, रायरे. म्हणून तेव्हा वारला म्हणाले. नऊ वर्षं झाली. माझ्या तोंडानं म्हणाले."

बालकृष्णरावांनी मान खाली घालून दोनावर रेघ मारली, शेजारी तीन लिहिला, सही केली, शिक्का मारला.

"काय लिहिलंत, वाचा."

"मुलगा महालिंग. ठाऊक नाही."

म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

"परत एकदा वाचा," ती म्हणाली.

मागे रांग जिन्याखालपर्यंत होती. बालकृष्णरावांनी परत वाचलं.