तीनदा धुतलेला नमुना

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात रसायनांपेक्षा माझ्या स्वभावाचा वाटा जास्त आहे. विद्यार्थी माझ्या पाठीमागे मला काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच होता.

मी मूळची सेंद्रिय रसायनशास्त्राची. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका संशोधन संस्थेत सव्वीस वर्षं काढली. पहिली आठ वर्षं नुसते रेणू बनवले. हे त्यात घाल, ते उकळ, गाळ, वाळव, पांढरी पूड बाटलीत भर आणि वर चिठ्ठी लाव. चाळिशीला टेकल्यावर वाटलं, या सगळ्या पुडी कुणाच्या काय कामाच्या? म्हणून जीवशास्त्राकडे वळले. माझ्या निम्म्या वयाच्या मुलींकडून पिपेट धरायला शिकले, आणि शिकताना त्यांच्यावरच खेकसले.

सत्तावीस नंबरच्या पुडीने माझं नशीब काढलं. क्षयाच्या जंतूला वाढायचं तर आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते, आणि ती नक्कल एक एन्झाइम करतं. आमची पूड त्या एन्झाइमला बंद पाडायची. नक्कल झाली की जेलवर एक चकाकती पट्टी दिसते. सत्तावीस नंबर घातला की पट्टी गायब. पुढची अठरा वर्षं मी त्या गायब पट्टीवर जगले. पेपर झाले, परिषदा झाल्या, पाच जणांच्या पीएच.डी. झाल्या.

त्यातली सगळ्यात कष्टाळू मुलगी लोकलने दिव्याहून यायची. घरी पाणी दिवसाआड, तेही पहाटे. ती हंडे भरून निघायची आणि तरी आमच्याकडे सगळ्यांच्या आधी बाकाशी उभी असायची. सात वर्षं माझ्या हाताखाली होती. मग लग्न होऊन कल्याणला गेली, मूल झालं, काही वर्षं घरी राहिली, आणि अलीकडे तिथल्याच एका कॉलेजच्या संशोधन विभागात प्रोबेशनवर लागली. तिचं काम माझ्याच रेणूवर. त्या नोकरीसाठी मीच शब्द टाकला होता.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या विभागप्रमुखांचा फोन आला. गृहस्थ फार सभ्य. म्हणाले, "मॅडम, जरा अवघड विषय आहे. तुमच्या विद्यार्थिनीला तुमचाच रेणू जमत नाहीये. चार वेळा केला, चारही वेळा काम करत नाही. प्रोबेशन संपतंय, सोमवारी समिती बसतेय. तुमचं मत कळलं तर बरं होईल."

मी लगेच तिला फोन लावला. "अगं, सात वर्षं काय भाजी निवडत होतीस का माझ्याकडे? सत्तावीस नंबर झोपेत सुद्धा जमायला हवा तुला!"

"मॅडम, मी सगळं तसंच केलेलं."

"तसंच केलं असतंस तर चाललं असतं."

ती काही बोलली नाही. तिचं हे काही न बोलणं मला पहिल्यापासून आवडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होता होता मी विभागप्रमुखांना ईमेल पाठवली. मधल्या खंडामुळे हाताची शिस्त गेली आहे, स्वतंत्र संशोधनाची जबाबदारी तूर्तास देऊ नये. तीन ओळी होत्या. परत वाचून बघितल्या नाहीत. आमच्या यांनी विचारलं, "आज कोणाचा बळी?" मी म्हटलं, "तुम्ही तुमचा पेपर वाचा."

त्याच आठवड्यात तिने एका ओळखीच्या बाईंबरोबर एक छोटी बाटली पाठवली. आत तिने बनवलेला सत्तावीस नंबर, आणि सोबत चिठ्ठी: मॅडम, एकदा तुम्ही स्वतः बघाल का? मी बघितलं, ते तिला खोटं पाडायलाच. वितळबिंदू घेतला, बरोबर. एनएमआर काढला, म्हणजे रेणूची रचना दाखवणारा आलेख, तो आमच्या जुन्या आलेखावर ठेवला तर रेघेवर रेघ. रेणू तोच होता, शंकाच नको. मग एन्झाइममध्ये घातला आणि जेलवर पट्टी आली, चांगली ठसठशीत. एन्झाइमला तिच्या पुडीचं काही पडलेलंच नव्हतं.

परत फोन केला. या वेळी आवाज चढवला नाही. "नीट आठवून सांग. काय वेगळं केलंस?"

"वेगळं असं काही नाही, मॅडम. फक्त इथे पाणी भरपूर असतं. म्हणून तीनदा धुतलेलं."

आता हे धुणं म्हणजे काय ते सांगते. सत्तावीस नंबरच्या शेवटच्या पायरीला आम्ही जस्ताची पूड वापरतो. काम झालं की जस्त बाहेर काढायचं, त्यासाठी माल डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवायचा. पुस्तकात तीनदा धुवा असं लिहिलेलं असतं. आमच्या वसाहतीत आठवड्यातला एक दिवस पाणी बंद, उन्हाळ्यात दोन. पाणी नाही की डिस्टिलेशनचं यंत्र बंद, आणि असतील तेवढे कॅन पुरवून वापरायचे. सुरुवातीच्या एका उन्हाळ्यात मी फर्मान काढलं की सत्तावीस नंबर एकदाच धुवायचा. धुवून एनएमआर काढला, तो स्वच्छ आला. झालं, तीच पद्धत ठरली. पाऊस आला, टाक्या भरल्या, तरी आम्ही एकदाच धुवत राहिलो. मॅडमची पद्धत म्हणून ती नव्या मुलांना शिकवली गेली. एका पेपरमध्ये ती मी पाणी वाचवणारी पद्धत म्हणून मिरवली सुद्धा.

पण एनएमआरला जस्त दिसत नाही. त्याला आमचे हायड्रोजन आणि कार्बन दिसतात, आणि ते जागच्या जागी दिसले की आम्ही सेंद्रियवाले खूश. फ्लास्कमध्ये उरलेलं चिमूटभर जस्त पुढच्या फ्लास्कमध्ये फारसं कुणाचं बिघडवत नाही. एन्झाइमचं बिघडवतं. हे पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राच्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं, नाही असं नाही. पण ते मी दुसऱ्या खोलीत शिकले होते, आणि धुणं पहिल्या खोलीतलं होतं.

शुक्रवारी मी तीन नळ्या लावल्या, कुणाला हात लावू दिला नाही. पहिलीत आमचा जुना सत्तावीस नंबर. दुसरीत तोच जुना, पण मी स्वतः तीनदा धुतलेला. तिसरीत सत्तावीस नंबर नाहीच, नुसतं जस्ताचं मीठ, कणभर. जेल चालवलं, दिवा लावला. पहिलीत पट्टी नाही. दुसरीत पट्टी. तिसरीत नाही.

अठरा वर्षं आम्ही जस्तावर काम करत होतो. सत्तावीस नंबर नुसता त्याच्याबरोबर बाटलीत बसलेला होता.

मला वाटलं होतं मी किंचाळेन, निदान हातातलं काहीतरी आपटेन. तसं काहीच झालं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, मग गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं. जेलचा फोटो काढला. वहीत चिकटवला. नळ्या धुतल्या. हजेरीच्या वहीत जाण्याची वेळ लिहिली आणि रिक्षात बसले. लोकलने परत येऊन घराजवळ नौपाड्यात भाजी घेतली, मेथी निवडली. यांना सगळं सांगितलं. हे बँकेतून रिटायर झालेले, त्यांना एन्झाइम कळत नाही पण मी कळते. म्हणाले, "तू सहा महिन्यांनी रिटायर होतेयस. गप्प बसलीस तर कुणाला कळणार आहे?"

"तिला कळणार आहे."

"ती बोलेल?"

"ती नाही बोलणार. ती कधीच बोलत नाही."

"मग सोमवारी तिची नोकरी जाईल," ते म्हणाले. आणि मला ओरडताही येईना, इतकी मी बधिर होते. रात्री झोप मात्र छान लागली. त्याचीच नंतर भीती वाटली.

रविवारी सकाळी कल्याणला तिच्या घरी गेले. आगाऊ कळवलं नव्हतं. दार तिनेच उघडलं. हात कणकेने भरलेले, आणि मला बघून ती एवढी दचकली की आधी "अगं बाई" म्हणाली आणि मग "या ना मॅडम". तिचा मुलगा आतल्या खोलीत टीव्ही बघत होता. पोहे झाले, चहा झाला. मी तिला जेलचा फोटो दाखवला. तिने तो नीट बघितला. तिसऱ्या पट्टीवर, म्हणजे जिथे पट्टी नव्हती तिथे, बोट ठेवलं आणि मान हलवली. आश्चर्य वगैरे काही वाटलेलं दिसलं नाही. मला वाटलं, हीसुद्धा माझ्यासारखीच बधिर झाली असेल.

"तुझा लॅपटॉप आण," मी म्हटलं. "दोन पत्रं लिहायची आहेत. तुझ्यासमोरच लिहिते, म्हणजे मला घरी जाऊन विचार बदलता येणार नाही."

पहिलं पत्र तिच्या विभागप्रमुखांना. आधीचं मत मागे घेते, या मुलीचं काम बरोबर आहे, चुकीचं माझं होतं, समितीसमोर हे पत्र वाचून दाखवावं. ते पटकन झालं. दुसरं, आमचा पहिला पेपर ज्या नियतकालिकात आला होता त्यांच्या संपादकांना. तो पेपर मागे घ्यावा म्हणून. त्याला वेळ लागला. दुसऱ्या कुणाचं तरी काम करून द्यावं तसं टाईप करत गेले. शेवटी लिहिलं, पाण्याच्या टंचाईमुळे धुण्याची पायरी कमी केली होती, त्याचा परिणाम तपासायचा नजरचुकीने राहून गेला.

"वाच," मी म्हटलं, "कुठे काही राहिलंय का बघ."

ती माझ्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "मॅडम, नजरचुकीने नाही."

"म्हणजे?"

"मी तुम्हाला सांगितलेलं."

"काय सांगितलेलंस?"

"पहिल्याच वर्षी. मला तुमची पद्धत माहीत नव्हती, मी पुस्तकात बघून तीनदा धुतलेलं. ते एन्झाइमवर चाललंच नाही. मी म्हटलेलं, मॅडम, जास्त धुतल्यावर जातंय, म्हणजे दुसरंच काहीतरी असेल का. तर तुम्ही फनेल माझ्या हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, इथे तुझ्यासाठी टँकर मागवलेले नाहीत, पद्धत वाच, डोकं चालवू नकोस."

मला काहीच आठवेना. ती बाकाशी उभी असलेली आठवली, तिची निळी ओढणी आठवली, पण हा दिवस नाही. वाक्य मात्र माझंच होतं. 'डोकं चालवू नकोस' हे मी दिवसातून पाचदा म्हणायचे.

"मग नंतर का नाही बोललीस? सात वर्षं होतीस माझ्याकडे."

"वाटलं, माझंच चुकलं असणार. बाकी सगळ्यांचं चालत होतं ना." मग म्हणाली, "इथे मुद्दामच तीनदा धुतलं, मॅडम. पाण्याचं फोनवर मी म्हणाले ते उगाच. तेव्हा मी चुकलेले का, ते बघायचं होतं."

मला लाज वाटली. तीन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे. कानापासून पायापर्यंत. मी 'नजरचुकीने' खोडलं आणि लिहिलं, एका विद्यार्थिनीने ही शंका माझ्याकडे बोलून दाखवली होती, मी ती उडवून लावली. मग संपादक विचारतील म्हणून तिला म्हटलं, "साधारण कधीची गोष्ट ही? वर्ष तरी सांग. जुनी वही मिळेल का कुठे?"

ती वही शोधायला गेली नाही. तिथल्या तिथे तिने वर्ष सांगितलं, महिना सांगितला, तारीख सांगितली, आणि वार.