तारेवरचं कोल्हिणीचं पिल्लू

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी तिला चांगुलपणाचे कपडे चढवीन. ती ज्यांच्या बाबतीत घडली, ते माझ्या शेजारच्या वर्गावरचे गुरुजी म्हणजे जनावरांच्या जिवावर उठलेला माणूस. फुलंब्रीजवळच्या आमच्या दोन शिक्षकांच्या शाळेत त्यांनी तिसरीच्या पोरांना सांगायच्या गोष्टींत जेवढी जनावरं संकटात घातली, तेवढी कुठल्या शिकाऱ्यानंही घातली नसतील. त्यांचं अस्वल एसटीच्या टपावर बसून फर्दापूरला निघायचं आणि नेमकं घाटात कलंडायचं. गुलमंडीतल्या कापडदुकानात नोकरीला लागलेलं गाढव पैठणी चघळताना मालकाला सापडायचं. पोरांचा श्वास अडकला की गुरुजी हात झटकून डबा उघडत. "मग काय झालं, गुर्जी?" "मला काय ठावं? तारेवर लटकवलंय. वाचा." शेवट ते ठळक अक्षरांत कागदावर लिहून वर्गातल्या तारेला चिमट्यानं अडकवत. एकदा बसमध्ये ते मला गोष्ट सांगत होते आणि कंडक्टर कान देऊन ऐकत होता, तर तीही अर्ध्यात तोडून उतरताना शेवटाची चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. मी हसलो. म्हणाले, "फुकट सांगितलं की पोरगं नुसतं ऐकतं, सर. जीव टांगला की अक्षराला भिडतं."

त्या वर्षी त्यांचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टर काय म्हणाले विचारलं, तर त्यांनी फाइल माझ्यापुढं सरकवली. मी ती उघडली नाही. ऑपरेशनला जाताना एवढंच म्हणाले, "वर्ग तुमच्याकडं. फक्त शेवट सांगू नका. पोरं लई रडली तरी."

तेव्हा तारेवर कोल्हिणीच्या गोष्टीचा शेवट होता. पिल्लू बोअरच्या खड्ड्यात पडलेलं. वाचनात सगळ्या वर्गाच्या मागं असलेली कोमल तीन दिवस त्या कागदावर बोट फिरवत उभी राहिली. दोन ओळी तिनं जिंकल्या होत्या. चौथ्या दिवशी तिला रडू फुटलं. "सर, मेलं का वो पिल्लू? खरं सांगा." मला बघवेना. "नाय गं बाई. वानरानं शेपूट सोडली, ती धरून आलं वर." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनी हट्ट धरला आणि तारेवरचे सगळे शेवट मी एका दुपारीच सांगून टाकले. कोमल कागदापासून निघून जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

गुरुजी परत आले ते गळ्याला रुमाल बांधून, आवाजाशिवाय. फळ्यावर त्यांनी नवी गोष्ट लिहिली, काटेरी तारेत अडकलेल्या हरणाची. पोरांनी फळ्याकडं पाहिलंच नाही. दारात उभ्या माझ्याकडं वळून ओरडली, "सर, तुमीच सांगा ना!"

दुपारी गुरुजींनी पाटीवर लिहून मला दाखवलं : 'आवाज जाणार, हे ठाऊक होतं. त्याआधी पोरं वाचायला लागली असती, तर मला फळ्यावर लिहून शिकवता आलं असतं.'

दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली. कोमल आता पाचवीत आहे. अजून एकेका अक्षरापाशी थांबते.

दोन वर्षं मी 'दया आली म्हणून सांगितलं' असं स्वतःला समजावत राहिलो. गेल्या रविवारी सिडकोत त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. गुरुजींनी खूण करून मला जवळ बसवलं. ते इतके वाळले होते की मला मान वर करवेना.

"गुरुजी," मी म्हणालो, "ते शेवट सांगणं कोमलसाठी नव्हतं. तिचं रडणं मला सोसवलं नाही, म्हणून सांगितलं. माझं चुकलं. मला माफ करा."