ताटाशेजारचा बोलका डबा

चूक माझी होती, डब्याची नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या गणपतीत मी भेटेल त्याला डब्याचंच नाव सांगत सुटलो होतो.

नोएडातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी खजिनदार. नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे हिशेब चोख आणि उत्साह बेताचा, अशी माझी ख्याती. पण त्या वर्षी मला काय झालं कोण जाणे, आरतीच्या ताटाजवळ क्यूआर कोड लावायचा ठराव मी मांडला. हल्ली कुणाच्या खिशात रोकड नसते, ताट समोर आलं की माणसं ओशाळून नुसताच नमस्कार करतात, असं माझं म्हणणं. सभेत भाषणच ठोकलं. "एकमेकींचे ग्राहक पळवणाऱ्या बँका या एका चौकोनापुढे गुण्यागोविंदाने नांदतात! ॲप एकाचं, खातं दुसऱ्याचं, पैसे मात्र बरोबर जागी पोचतात. आणि आपण? मोदक उकडीचे की तळणीचे, यावर दोन गट!"

"तळणीचेच टिकतात," मागून कुणीतरी म्हणालं. त्यावर अर्धा तास वाद झाला आणि त्या गडबडीत माझा ठराव मंजूर झाला.

कोडबरोबर तो डबा आला. पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणारा, भाजीच्या ठेल्यावर असतो तसा. आवाज बंद ठेवता आला असता. पण मला तो खणखणीत सूर फार आवडला.

पहिल्या संध्याकाळी नुसती धमाल. टाळ्या रंगात आलेल्या आणि मध्येच डबा हिंदीत, "एक सौ एक रुपये प्राप्त हुए." एक रुपया पाठवला तरी डबा बोलतो, हा शोध पोरांना लागला आणि ती बापांचे फोन पळवून रांगेत उभी राहिली. बापही काही कमी नव्हते. एकाचे पाचशे एक ऐकू आले की शेजारच्याचे पाचशे दोन. एरवी ताटात मूठ पालथी उघडायची आपली पद्धत. कुणी किती टाकले ते ज्याचं त्याला ठाऊक. ती पद्धत मी एका संध्याकाळीत मोडली, आणि वर खूशही होतो.

आमच्याकडे आरती उचलतात त्या काकू. पहाडगंजला शाळेत गाणं शिकवून त्या निवृत्त झाल्या. पट्टी त्यांनी द्यायची, मग बाकीच्यांनी तोंड उघडायचं. दरवर्षी त्या घडी घातलेली नोट मुठीत आणायच्या. यंदा मी हट्टाने त्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं आणि एक अख्खी दुपार बसून शिकवलं. पैसे भलत्याच माणसाला गेले तर, ही त्यांची धास्ती काही जाईना.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर त्या ताटापाशी उभ्या राहिल्या. फोन हातभर लांब धरला, ओठ हलवत आकडे दाबले. डबा गरजला, "ग्यारह रुपये प्राप्त हुए."

माइक नेमका माझ्या हातात. मी म्हणालो, "काकू, एक शून्य फोनमध्येच अडकलं वाटतं!"

सगळा हॉल हसला. काकूंनी फोन पिशवीत टाकला, पदर सारखा केला आणि त्या निघून गेल्या.

पुढच्या दोन संध्याकाळी त्या आल्याच नाहीत. आमच्या अध्यक्षांनी आरती उचलली ती इतक्या वरच्या पट्टीत, की दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांच्यासोबत फक्त झांजा उरल्या. तिसऱ्या कडव्याला अर्धी मंडळी सवयीने हिंदी आरतीत शिरली.

"डब्यामुळे गैरसमज झाला," मी घरी बायकोला म्हणालो.

"अच्छा! म्हणजे शून्याचं डबा बोलला?" ती म्हणाली. "उद्या विसर्जन आहे. काकूंशिवाय करणार का?"

प्रत्यक्ष जायचं धैर्य नव्हतं. मग मी एक आधुनिक युक्ती केली. काकूंना फोनवरून अकरा रुपये पाठवले आणि सोबतच्या संदेशात लिहिलं, 'सॉरी काकू'. थोड्या वेळाने अकरा रुपये परत आले. सोबत एक अक्षर नाही. माझी शिकवणी उत्तम झाली होती, एवढंच कळलं.

सकाळी त्यांच्या दारात उभा राहिलो. तोंडून निघालं ते असं: "काकू, झालेल्या असुविधेबद्दल खेद आहे."

"ही मेट्रोतली घोषणा झाली," काकू म्हणाल्या. "गाडी किती उशिरा आहे तेही सांगून टाक."

"तो डबा ना काकू, मी आजच बंद..."

"डब्याने आकडा सांगितला. हसवलं कुणी?"

मी त्यांच्या दाराचं तोरण सारखं करू लागलो.

"तूच शिकवलंस ना रे? अनोळखी ठिकाणी आधी थोडेसे पाठवायचे, पोचले की मग बाकीचे. अकरा पोचले, मला किती हायसं वाटलं! पुढचा आकडा दाबणार तेवढ्यात तू बोललास." त्या उंबऱ्याबाहेर आल्या. "आणि समज, अकराच द्यायचे असते तर?"

 

"चुकलं काकू," मी म्हणालो.

"इथे जिन्यात? बोललास माइकवर, आणि चुकलं जिन्यात?"

संध्याकाळी काकू आल्या, पण हॉलच्या दारातच थांबल्या, चपला पायात ठेवून. मी माइक घेतला. "मंडळी, डिजिटल व्यवहारांत सुरुवातीला काही तांत्रिक..."

"मुद्द्यावर ये!" दारातून आवाज आला. सगळे हसले, या वेळी मला. ते बरंच झालं. सोंग गळून पडलं.

"काकूंनी मीच शिकवल्याप्रमाणे आधी थोडे पैसे पाठवून पाहिले," मी म्हणालो, "आणि मी तुम्हा सगळ्यांना त्यांच्यावर हसवलं. देवापुढे कुणी किती ठेवले हे मोजायचा मला अधिकार नव्हता. अकरा असोत की एक. दोष डब्याचा नाही. मीच बोललो." दाराशी काकू वाकून चपला काढत होत्या. "काकू, माझं चुकलं. मला माफ करा."