एकशे तेहतीसचा आकडा

वापीतल्या एका कॉम्प्युटरवाल्याने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचता वाचता तुम्हाला हसू येईल, आणि हसणारा माणूस फसवणूक विसरून जातो. मी विसरलेलो नाही.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. सिल्वासात मी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट बनवत असे. त्याआधी सूतगिरणीत तेलाचा डबा घेऊन मशीनमागे पळायचो. नंदुरबारकडून आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय माझ्याकडे एकच गोष्ट होती, ती म्हणजे जीभ. घासाघीस करून मी कॅमेरा घेतला, घासाघीस करून दुकानाचा गाळा घेतला. बायको म्हणते, लग्नात अंतरपाटाच्या पलीकडूनही मी भटजींशी मुहूर्तावरून हुज्जत घालत होतो. ते खरं आहे. मुहूर्त दहा मिनिटं उशिराचा होता.

आमच्याकडे कॅसेटला फार मान होता, आणि त्याला कारण होतं. कारखान्यातली निम्मी पोरं खानदेशातली. लग्नं व्हायची गावी, उन्हाळ्यात, आणि कारखाना काही थांबायचा नाही. नवरदेवाला आठ दिवस सुट्टी मिळायची ती बाकीच्यांनी त्याच्या जागी डबल ड्युटी केली तर. म्हणजे ज्यांनी लग्न शक्य केलं, त्यांनाच लग्न बघायला मिळायचं नाही. मग नवरदेव परतला की एका रविवारी कामगारांच्या चाळीत टीव्ही बाहेर काढायचा, सतरंज्या टाकायच्या, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करायची आणि कॅसेट लावायची. मंगलाष्टकं सुरू झाली की सगळे उठून उभे राहायचे आणि टीव्हीवर अक्षता टाकायचे. खरोखरच्या अक्षता. पडद्यावरच्या नवरदेवाच्या डोक्यावर नेम धरून. आणि खरा नवरदेव टीव्हीशेजारी खुर्चीत बसून लाजायचा. याला आम्ही कॅसेटचं लग्न म्हणायचो. ते झाल्याशिवाय लग्न पुरं झालं असं कुणी मानत नसे.

तोवर मी दोन व्हीसीआर जोडून कॅसेट कापायचो. एकावर चालवायचं, दुसऱ्यावर हवं तेवढं उतरवायचं. मग ऐकलं की कॉम्प्युटरवर लग्न कापता येतं, नाव उडत येतं, नवरीचा चेहरा कमळातून उमलतो. माझ्या डोक्यात ते कमळ बसलं. मी वापी गाठली.

कॉम्प्युटरवाला गोरा, शांत माणूस. शांत माणसाशी घासाघीस करताना सावध राहावं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. तीन दिवस मी त्याच्या दुकानात बसलो. किंमत उतरवली, खुर्ची फुकट घेतली, धूळ बसू नये म्हणून कव्हर घेतलं. त्याने मात्र माझे दोन्ही व्हीसीआर बदल्यात घेतले. जड गेलं, पण कमळासमोर व्हीसीआर काय!

मशीनच्या पुढच्या बाजूला लाल दिव्यांचा आकडा होता. एकशे तेहतीस. हा त्याचा वेग. गावात तेवढ्या वेगाचं दुसरं मशीन नव्हतं. मी खूश होऊन बघत असताना त्याने आकड्याखालचं एक बटण दाबलं, आणि एकशे तेहतीसचा आकडा साठाच्या आसपास खाली आला.

मी उभाच राहिलो. "हे काय?"

"कांइ नथी, शेठ. टर्बोचं बटण आहे. आत दाबलेलं असलं की फास्ट, बाहेर आलं की स्लो. जुने प्रोग्राम स्लोवरच चालतात."

"मी फास्टचे पैसे देतोय. स्लो तुमच्याकडे ठेवा."

"अहो, बटण सगळ्यांनाच असतं."

"असू दे. पण हा आकडा पडलेला मला चालणार नाही. माझं गिऱ्हाईक समोर बसणार. त्याला कायम एकशे तेहतीस दिसला पाहिजे."

"कायम?" त्याने विचारलं.

"कायम. नाहीतर व्यवहार मोडला."

"थई जशे, होऊन जाईल," तो म्हणाला, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत गेला आणि पाच मिनिटांत मशीन घेऊन आला. मी बटण दाबून बघितलं. एकशे तेहतीस. पुन्हा दाबलं. एकशे तेहतीस. मला वाटलं, जिंकलो. टेम्पोत मशीन मांडीवर घेऊन बसलो आणि सिल्वासापर्यंत ड्रायव्हरला कमळाबद्दल सांगत आलो.

दुकानात आल्याबरोबर पूजा केली. कारखान्यात नवीन मशीन आलं की त्याच्या प्रत्येक खटक्याला कुंकू लावतात, म्हणजे कुठलाच खटका रुसत नाही. मीही लावलं, प्रत्येक बटणाला, बोट दाबून. बायकोने ओल्या कुंकवातल्या अक्षता टाकल्या, मी मूठभर टाकल्या, मग आनंदाच्या भरात आणखी मूठभर टाकल्या. नारळ मात्र बाहेर फोडला. तेवढी अक्कल होती.

पहिलं काम आलं ते जळगावकडच्या एका फिटरचं. उंच, हडकुळा, हसला की अर्धा चेहरा दातांचा. लग्न गावी मीच शूट केलं होतं. येत्या रविवारी चाळीत कॅसेट लावायची ठरली होती.

"दादा, पूर्ण शिफ्टनं माझ्यासाठी डबल केली," तो म्हणाला होता. "एक जण तर तापात उभा राहिला मशीनवर. रविवारी कॅसेट नाही लागली, तर मी कोणत्या तोंडानं ड्युटीला जाऊ?"

"कमळातून काढतो तुझी बायको," मी म्हणालो.

लग्न कॉम्प्युटरमध्ये भरलं, कापलं, जोडलं, कमळ लावलं. आता फक्त ते मशीनवर चालवायचं आणि भाड्याने आणलेल्या रेकॉर्डरवर कॅसेट उतरवायची. मशीनवर जसं चालेल, कॅसेटवर तसंच उतरणार. मी लग्न सुरू केलं.

वरातीतल्या घोड्याने एक पाय उचलला आणि विचारात पडला. बँडचा आवाज पुढे निघून गेला. घोडा अजून विचार करतोय. मग एकदम तो चार पावलं पुढे, नवरदेव त्याच्या मानेवर! हळदीत करवली हात उचलते, थांबते, आणि हळद आपोआप गालावर. सगळ्यात भयंकर मंगलाष्टकं. "सावधान" ऐकू आलं, टाळ्या झाल्या, वाजंत्री वाजली, आणि चित्रात अंतरपाट तसाच. भटजींचं तोंड उघडं. तोवर आवाजात जेवणावळ सुरू होऊन "भाजी वाढा, भाजी" चाललेलं. कमळ उमलायला लागलं आणि अर्ध्यावर सुकलं.

बायको दारातून बघत होती. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी तिच्यावर ओरडलो. मग भटजींकडे बघितलं आणि मीही हसलो. आणि मग रविवार आठवला.

पुढचे तीन दिवस मी त्या मशीनशी भांडलो. बाकीचे सगळे प्रोग्राम बंद केले. चित्र काडेपेटीएवढं लहान केलं, तर घोडा जरा चालू लागला, पण काडेपेटीएवढं लग्न कोण बघणार? डिस्क आवरायचा प्रोग्राम लावला. पडद्यावर रंगीत चौकटी इकडून तिकडे सरकत राहिल्या, त्यात अख्खी सकाळ गेली, आणि घोडा आणखी विचारी झाला. पूर्ण लग्न पुसून पुन्हा भरलं. टेबलफॅन लावला. वापीला रोज फोन केला, तर तो दर वेळी शांतपणे म्हणाला, "शेठ, आकडा किती दाखवतो?"

"एकशे तेहतीस."

"मग मशीन ओके आहे."

मीही तेच म्हणत होतो! आकडा समोर लालभडक जळतोय. मशीनला दोष कसा द्यायचा? दोष असेल तर माझ्या कापण्यात, माझ्या कमळात. तीन दिवस मी त्या आकड्यावर विश्वास ठेवून स्वतःला मूर्ख समजत राहिलो. त्याबद्दल कोण भरपाई देणार?

शनिवारी दुपारी फिटर शिफ्ट संपवून आला. मी लपवणार होतो, पण बायको म्हणाली, "भाऊ, तुमचं घोडं बघा." त्याने बघितलं. हसला नाही. हात पँटला पुसले आणि मशीनसमोर उकिडवा बसला.

"दादा, हे मशीन नीट कधी चाललं होतं शेवटी?"

"वापीला. दुकानात धाड धाड चालत होतं."

"हाव. मंग तिथून इथं येईपर्यंत काय काय केलं त्याला?"

"काही नाही. टेम्पोतून आणलं, मांडीवर."

"मंग?"

"मग पूजा केली."

"कशी केली?"

"कशी म्हणजे? करतात तशी. बटणांना कुंकू, अक्षता..."

"मूठमूठ," बायको म्हणाली. "लग्न त्यांचंच होतं जणू."

फिटरने मान वाकडी करून आकड्याखालचं बटण बघितलं. दिसायला ते आत होतं. त्याने बोट लावलं, तर ते लुळं. खटका लागतच नव्हता. "वहिनी, पिन द्या जरा." बायकोने केसातली पिन दिली. त्याने बटणाच्या फटीतून हळूच एक लाल तांदूळ काढला. मग दुसरा. तळहातावर ठेवून आम्हाला दाखवले. मी कुंकवाचं बोट दाबलं तेव्हा बटण सुटलं होतं आणि अक्षतांनी ते परत लागू दिलं नव्हतं. मशीन पहिल्या दिवसापासून निम्म्या वेगाने चालत होतं.

त्याने बटण दाबलं. टक.

घोडा निघाला! असा निघाला की बायको किंचाळली. पाय, शेपूट, बँड, फटाके, सगळं एका दमात. हळद गालावर हाताबरोबर पोचली. "सावधान" झालं आणि त्याच क्षणी अंतरपाट पडला. आणि कमळ, अहो, कमळ असं उमललं की फिटर स्वतःच्या बायकोला पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत राहिला. आम्ही तिघं टाळ्या वाजवत होतो. बायकोने उरलेल्या अक्षता शोधायला हात घातला, तो मी हवेतच धरला.

आणि तेव्हा माझी नजर आकड्यावर गेली. एकशे तेहतीस. मी बटण सोडलं. घोडा विचारात पडला. आकडा? एकशे तेहतीस.

माझं डोकं फिरलं. धावत बूथवर गेलो, वापीला फोन लावला. बूथबाहेरची माणसं थांबून ऐकत होती, इतका मी ओरडलो.

"आकडा खोटा बोलतो तुमचा! मशीन निम्म्यावर आणि आकडा पूर्ण!"

"शेठ," तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं. कायम. मी विचारूनही घेतलं होतं."

"मी आकडा पाडू नका म्हटलं होतं, वेग पाडून आकडा धरून ठेवा असं नव्हतं म्हटलं!"

"आकड्याची तार वेगाला लागलेलीच नसते. त्या आकड्याला जे शिकवाल ते तो दाखवतो. बधाने खबर छे."

सगळ्यांना माहीत आहे म्हणे. मी भरपाई म्हणून माझा एक व्हीसीआर परत मागितला. त्याने फोन ठेवला.

रविवारी चाळीत माणूस मावत नव्हता. तापात डबल केलेला तो मित्र सगळ्यात पुढे बसवला होता. मंगलाष्टकं लागली, सगळे उभे राहिले, हातात अक्षता. टीव्हीला मागे जाळी असते, फटी असतात. मी दोन्ही हात पसरून टीव्हीसमोर उभा राहिलो. "टीव्हीवर नाही! लांबून! खाली!" कोण ऐकतंय? "सावधान" झालं आणि शे-दीडशे माणसांच्या अक्षता माझ्या तोंडावर आल्या. फिटर खुर्चीत लाजून लाल, मी कुंकवाने लाल. कुणीतरी ओरडलं, "दादांचं पण लागलं भो!" रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्या कॉलरमधून तांदूळ पडत होते. त्या दिवशीइतका मी नंतर कधी हसलो नाही.

पण हसलो म्हणून सोडलं नाही. अक्षता माझ्या, मूठ माझी, कुंकवाचं बोट माझं, ते मी मान्य करतो. आकडा पडलेला नको, हेही मीच म्हणालो. पण वापीवाले शेठ, फोनवर मी तीन दिवस विचारत होतो, आणि तुम्ही मला तोच आकडा वाचायला लावलात, ज्याला तुम्ही स्वतःच्या हाताने खोटं बोलायला शिकवलं होतं. आकडा किती दाखवतो म्हणून विचारताना तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? एवढंच सांगा, शेठ. आणि माहीत होतं, तर माझ्या दोनातला एक व्हीसीआर तुम्ही अजून मला देणं लागता.