काटेबाई

तिला सगळे काटेबाई म्हणायचे. आडनाव काटे नव्हे. हवेच्या मापकांवरच्या काट्यांवर तिची नजर असायची, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. वय सत्तेचाळीस. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या वडिलांच्या हाताखाली ती हे काम शिकली आणि गेली अकरा वर्षं एका डेटा सेंटरच्या सर्व्हर-खोलीतला गारवा सांभाळत होती.

खोलीत यंत्रांची कपाटं रांगेने उभी. हवा बावीस ते चोवीस अंशांत हवी, तिच्यातली आर्द्रता साधारण निम्म्यावर हवी, आणि धूळ औषधालाही नको. नव्या इंजिनिअरांना ती सांगायची, "तुम्हाला घाम फुटला तरी चालेल, यांना फुटता कामा नये." घरी धाकटी बहीण टोमणा मारायची, "आपला पंखा तीन महिने करकरतोय, तो बघ आधी."

त्या वर्षी हवा फार कोरडी पडली. खोलीत ओलावा सोडणारं यंत्र बिघडलं होतं. आर्द्रतेचा काटा वीस टक्क्यांवर उतरलेला, आणि सुपरवायझर मात्र वहीत रोज अठ्ठेचाळीस लिहीत होता. काटेबाईने त्याला दोनदा सांगितलं. "तू तुझं बघ," एवढंच उत्तर मिळालं. मग एका कामगाराने कपाटाला हात लावला, कोरड्या हवेत अंगात साठलेल्या विजेची ठिणगी बोटातून उडाली आणि दोन कपाटं जळाली. एका इस्पितळाच्या नोंदी सहा दिवस उघडल्या नाहीत. चौकशीत बाकी कोणी ब्र काढला नाही. काटेबाईने खरं ते सांगितलं. सुपरवायझर घरी बसला.

सात आठवड्यांनी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, तो परत आला. माल उतरवणाऱ्यांच्या मागोमाग आत शिरला होता. काटेबाई खोलीत एकटीच होती. खालच्या पोकळीतली हवा बघायला तिने जमिनीची एक फरशी उचलून बाजूला ठेवली होती. शेकडो पंख्यांच्या घरघरीत तिला पावलं ऐकूच आली नाहीत.

पहिला घाव खांद्यावर बसला. वळून पाहते तो त्याच्या हातात हातभर लांबीचा पाइप-पाना.

"दहा वर्षांची नोकरी होती माझी," तो म्हणाला. आवाज चढलेलाही नव्हता. "पोटावर पाय आणलास."

तिने डोकं वाचवायला डावा हात वर केला. पाना मनगटावर आला आणि हाड मोडल्याचं तिला आधी कळलं, दुखलं नंतर. तो मारतच राहिला. कपाटाची जाळी फुटली, तिची भुवई फाटली, एका डोळ्यात रक्त उतरलं. ती ओरडत होती, पण स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू येत नव्हता. भिंतीला पाठ घासत ती आगीच्या बटणापर्यंत पोचली आणि तिने ते कोपराने दाबलं.

भोंगा वाजू लागला. आता तीस सेकंदांत आग विझवणारा वायू सुटणार होता. तो दचकून मागे सरला आणि त्याचा पाय उघड्या फरशीच्या खड्ड्यात गेला. नडगी मोडली. तो कोसळला, पाना हातातून निसटला.

दार मोकळं होतं. ती पळू शकली असती. पण फरशी उचलायची लोखंडी मूठ पायाशीच पडली होती. ती तिने उचलली. तो पान्याकडे सरकत होता, तेव्हा तिने त्याच्या हातावर मारलं. मग डोक्यात मारलं. मग पुन्हा डोक्यात.

तो गप्प झाला. भोंगा चालूच होता. माणूस आत असताना वायू सुटू नये म्हणून भिंतीवर दुसरं एक बटण असतं, ते दाबून धरावं लागतं. तिने मूठ टाकली आणि धडधाकट हाताने ते बटण दाबून धरलं. दरवानमामा धावत आले तरी अंगठा काढला नाही.

"बाई, सोडा, बाहेर चला," मामा म्हणाले.

"आधी त्याला ओढा."

मामांनी त्याला बाहेर ओढलं आणि भोंगा व वायूची यंत्रणा बंद केली, तेव्हा कुठे तिने बटण सोडलं. भोंगा वाजताच थंड हवेची यंत्रं आपोआप बंद पडली होती. तापमानाचा काटा एकोणतीसवर गेला, मग तेहतीसवर. ॲम्ब्युलन्सवाले दारात थांबले होते. ती मात्र मोडका हात पोटाशी धरून, एका डोळ्याने बघत, एकेक यंत्र सुरू करत होती. चौथं यंत्र चालू झालं, काटा थबकला, आणि ती तिथेच खाली बसली.

कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं, "किती वेळा मारलंत?"

"तीनदा. पहिला फटका जीव वाचवायला होता. बाकीचे दोन रागाचे."

तिच्या बाजूच्या वकिलाने कपाळाला हात लावला. सुपरवायझरला पाच वर्षांची शिक्षा झाली. तिला न्यायाधीशांनी समज दिली आणि ती तिने मान खाली घालून ऐकली. एका कानाने त्याला आता ऐकू येत नाही, हे तिला तिथेच कळलं. त्या रात्री बहिणीने ताट वाढलं, ते तसंच राहिलं.

चार महिन्यांनी ती कामावर आली. मनगट आता पुरतं वळत नव्हतं. खोलीच्या दाराशी आली आणि पंख्यांची घरघर ऐकताच तिथेच थांबली. मामांनी दार उघडलं. तिच्याबरोबर आत आले आणि तिच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून तासभर उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही राहिले, तिसऱ्याही.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मामा, इथे तुम्हाला थंडी बाधेल. जा आता."

"नक्की?"

"जा," ती म्हणाली, आणि वहीत आकडे लिहू लागली.